अमेरिकेत नवीन घर: भिंतीवरचा थर्मोस्टॅट किती अंशांवर ठेवायचा?

पुण्यात किंवा नाशकात थंडी वाजली की आपण स्वेटर चढवतो, उकडलं की पंखा लावतो, आणि एसी असलाच तर तो एका खोलीपुरता. अमेरिकेत आल्यावर पहिल्यांदाच असं घर मिळतं, जिथे हॉलमधल्या भिंतीवरची एक लहानशी पेटी सगळ्या खोल्यांची हवा ठरवते. तिच्यावरचे आकडे फॅरनहाइटमध्ये, शब्द अनोळखी, आणि तिच्याशी खेळायची भीती. मग घरोघरी एकच होतं: आधीच्या भाडेकरूने जो आकडा ठेवला होता तोच महिनोन्‌महिने राहतो, किंवा नवरा-बायकोपैकी एकजण तो वाढवतो आणि दुसरा कमी करतो.

इथल्या घरांत जेवढी ऊर्जा खर्च होते, तिच्यातली जवळपास अर्धी घर गरम आणि थंड ठेवण्यात जाते. म्हणून या पेटीसाठी एक शनिवार काढाच. माझा आग्रह एवढाच की आकडा सगळ्यात शेवटी ठरवावा. आधी भिंतीमागे कोणतं यंत्र आहे ते पाहा, मग घरात कोण आणि कधी असतं ते पाहा.

पायरी १: यंत्र ओळखा

घरात फिरा. जमिनीत, छताला किंवा भिंतीच्या तळाशी जाळ्या आहेत आणि त्यांतून वारा येतो का? येत असेल तर तुमच्याकडे फर्नेस (इंधन जाळून किंवा विजेवर हवा तापवणारी भट्टी) आहे किंवा हीट पंप (उलटही चालू शकणारा, गरम हवा देणारा एसीच).​ बेसमेंटमध्ये किंवा एखाद्या कपाटात पत्र्याची उंच पेटी असेल, तिला गॅसची नळी आणि धूर बाहेर नेणारा पाइप जोडलेला असेल, तर ती गॅसची फर्नेस. बाहेरचं एसीसारखं दिसणारं युनिट कडाक्याच्या थंडीतही फिरत असेल, आणि थर्मोस्टॅटच्या पडद्यावर कधी ‘ऑक्स’ किंवा ‘एम हीट’ असे शब्द दिसत असतील, तर तो हीट पंप.

न्यूयॉर्क, बोस्टन, शिकागोच्या जुन्या इमारतींत खिडकीखाली लोखंडी रेडिएटर असतो आणि त्यात वाफ किंवा गरम पाणी फिरतं. अशा ठिकाणी बहुतेक वेळा ताबा इमारतीच्या मालकाकडे असतो. काही अपार्टमेंटमध्ये प्रत्येक खोलीत भिंतीलगत लांबट विजेचे हीटर असतात आणि खोलीगणिक वेगळी चकती. हा सहसा सगळ्यात महागडा प्रकार, पण त्याचा एक फायदा आहे: वापरात नसलेली खोली तुम्ही खुशाल थंड ठेवू शकता. जाळ्यांच्या घरात मात्र हे करू नका. बऱ्याच खोल्यांच्या जाळ्या बंद केल्या की पंख्यावर दाब वाढतो, पाइपांच्या सांध्यांतून हवा निसटते आणि बचत काहीच होत नाही.

भाड्याच्या घरात कळत नसेल तर लीझिंग ऑफिसला सरळ विचारा: हीट गॅसची आहे की विजेची, आणि तिचं बिल माझ्या नावावर येतं की भाड्यात धरलेलं आहे? पुढचे अर्धे निर्णय या उत्तरावर ठरतात.

पायरी २: पडद्यावरचे शब्द

‘हीट’, ‘कूल’, ‘ऑफ’ हे सरळ आहेत. ‘ऑटो’ शब्द दोन ठिकाणी येतो आणि तिथे गोंधळ होतो. मोडमधला ऑटो म्हणजे गरम करायचं की थंड करायचं हे यंत्र स्वतः ठरवणार. वसंत ऋतूत सकाळी गारठा आणि दुपारी ऊन असतं, तेव्हा तो सोयीचा. पण गरम करायचा आकडा ६८ आणि थंड करायचा ७६ असं पुरेसं अंतर ठेवा, नाहीतर एकाच दिवसात दोन्ही यंत्रं आलटून पालटून चालतील.

पंख्याचा ‘ऑटो’ वेगळा. त्यात गरम किंवा थंड हवा हवी तेव्हाच पंखा फिरतो. ‘ऑन’वर तो चोवीस तास फिरतो. कायम ‘ऑटो’च ठेवा. दमट उन्हाळ्यात ‘ऑन’ ठेवला तर एसीच्या आतल्या थंड नळ्यांवर (कॉइलवर) जमलेलं पाणी पुन्हा हवेत मिसळून घरात येतं आणि चिकचिक वाढते. शिवाय आपल्या स्वयंपाकाच्या दृष्टीनेही हे पाहा: पंखा ‘ऑन’ असेल तर लसणाच्या फोडणीचा वास बेडरूमच्या कपाटापर्यंत जातो. फोडणीच्या वेळी शेगडीवरचा एक्झॉस्ट लावा. तो हवा खरोखर बाहेर फेकतो की गाळून परत घरातच सोडतो हेही बघून घ्या. परत सोडत असेल तर खिडकी थोडा वेळ उघडणं बरं.

‘होल्ड’ म्हणजे वेळापत्रक बाजूला ठेवून हाच आकडा धरून बसा. ‘टेम्पररी होल्ड’ पुढच्या ठरलेल्या वेळेपर्यंत टिकतो, ‘पर्मनंट’ तुम्ही काढेपर्यंत. “आम्ही शेड्यूल लावलंय पण चालतच नाही” अशी तक्रार करणाऱ्या बऱ्याच घरांत कुणीतरी कधीतरी होल्ड दाबून ठेवलेला असतो. ‘रन’ किंवा ‘रिझ्यूम’ दाबा, की वेळापत्रक परत सुरू होतं.

आणखी एक. कूलवर आकडा बदलल्यावर बाहेरचं युनिट लगेच सुरू झालं नाही तर पुन्हा पुन्हा बटणं दाबू नका. कॉम्प्रेसरला इजा होऊ नये म्हणून साधारण पाच मिनिटं थांबण्याची सोय त्यात मुद्दाम केलेली असते.

पायरी ३: फॅरनहाइटची सवय

चार आकडे पाठ करा, बाकीचे आपोआप कळतील. ६८ म्हणजे बरोबर २० सेल्सिअस. ७२ म्हणजे साधारण २२. ७८ म्हणजे साडेपंचवीसच्या आसपास. ५५ म्हणजे जेमतेम १३, आणि हा आकडा पुढे गावाला जाताना लागणार आहे. थर्मोस्टॅट सेल्सिअसवरही करता येतो, पण शेजारी, दुरुस्तीवाला आणि बिलावरच्या सूचना सगळे फॅरनहाइटमध्ये बोलतात. म्हणून सवय केलेली बरी.

पायरी ४: हिवाळ्याचा आकडा

अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा सल्ला असा: घरात जागे असताना ६८ ते ७०, आणि झोपताना किंवा बाहेर जाताना त्याहून कमी. रोज आठ तास नेहमीच्या आकड्यापेक्षा ७ ते १० अंश खाली ठेवलं तर गरम-थंड करण्याच्या वर्षाच्या खर्चात १० टक्क्यांपर्यंत बचत होऊ शकते, असं हे खातं सांगतं.

यावर आपल्या लोकांत एक शंका हमखास निघते: थंड झालेलं घर पुन्हा गरम करायला जास्तच गॅस लागत असेल ना? नाही लागत. घर म्हणजे गळकी बादली समजा. बादली जितकी भरलेली, तितकी तळाच्या भोकातून धार जोरात. रात्रभर पाणी कमी ठेवलं तर गळतीही कमी होते, आणि सकाळी भरावं लागणारं पाणी गळून गेलेल्यापेक्षा कधीच जास्त नसतं. घरातल्या उष्णतेचंही तसंच आहे. आत-बाहेरच्या तापमानात फरक जितका मोठा, तितकी उष्णता भिंती-खिडक्यांतून वेगाने बाहेर जाते. घर जितके तास थंड राहिलं, तितके तास ती कमी गेली.

दुसरा गैरसमज म्हणजे घर लवकर तापावं म्हणून आकडा एकदम ८० करणं. साधी फर्नेस एकतर चालू असते किंवा बंद. ७० मागा की ८०, ती तितकीच उष्णता देते. ८० मागितले तर ७० च्या पुढेही चालत राहते, आणि तासाभराने कुणीतरी घाम पुसत खिडकी उघडतं.

सुरुवात अशी करा. पहिला आठवडा दिवसा ७०, रात्री ६६. सगळ्यांना जमलं तर पुढच्या आठवड्यात दोन्ही एक-दोन अंशांनी उतरवा. उष्ण प्रदेशातून आलेल्या शरीराला पहिल्या हिवाळ्यात वेळ द्यावा लागतो, म्हणून एकदम ६२ वर उडी मारू नका. घरात जाड मोजे आणि स्लीपर, अंगात थर्मल आणि वर स्वेटर असेल तर ६८ चं घर पुरेसं उबदार वाटतं. टी-शर्ट आणि अनवाणी पायांनी ७४ सुद्धा गार वाटू शकतं, कारण थंडी फरशीतून आणि खिडकीच्या काचेतून येते. रात्री पडदे ओढून घ्या, दिवसा दक्षिणेकडच्या खिडकीतून ऊन येऊ द्या. दारांच्या फटींना पट्ट्या लावा. हे केल्यावर दोन अंश कमी ठेवूनही फरक जाणवत नाही.

सकाळी किती वाजता आकडा वाढवायचा? घड्याळ लावून एकदा मोजा की ६४ वरून ६९ वर यायला तुमच्या घराला किती वेळ लागतो. अर्धा तास लागत असेल आणि तुम्ही साडेसहाला उठत असाल, तर सहाची वेळ लावा. हीच गोष्ट रात्री उलट करा. झोपण्याच्या अर्धा-पाऊण तास आधीच आकडा उतरवला तरी घर तेवढा वेळ ऊब धरून राहतं.

हीट पंप असेल तर हे वेगळं

हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढतो, म्हणून तो विजेच्या साध्या हीटरपेक्षा खूप कमी वीज खातो. पण तो सावकाश काम करतो. रात्री दहा अंश उतरवून सकाळी एकदम चढवले तर त्याला ते झेपत नाही, आणि आतला विजेचा मदतनीस हीटर सुरू होतो. तोच तो ‘ऑक्स’. रात्रीची सगळी बचत तो सकाळी खाऊन टाकतो. त्यामुळे हीट पंपाच्या घरात दिवस-रात्रीचा फरक दोन-तीन अंशांचा ठेवा, किंवा एकच आकडा धरा. काही थर्मोस्टॅट हीट पंपासाठी खास बनवलेले असतात आणि हळूहळू चढवतात. तसा असेल तर थोडं मोकळेपणाने वागता येतं.

‘एम हीट’ हे बटण पंप बिघडला तरच वापरायचं. थंडी जास्त आहे म्हणून ते लावलं तर सगळं घर निव्वळ विजेच्या हीटरवर चालतं.

हीट पंपाच्या जाळीतून येणारी हवा फर्नेसएवढी कढत नसते, हाताला कोमटच लागते. बिघाड समजू नका. तसंच बाहेरच्या युनिटमधून थंडीत मधूनच पांढरे लोट निघतात. तो धूर नव्हे. युनिटवर जमलेलं बर्फ वितळवताना वाफ निघते.

पायरी ५: घरातली माणसं

बचतीचे तक्ते तरुण, धडधाकट माणसांना धरून केलेले असतात. आई-बाबा भारतातून आले असतील तर ते तक्ते बाजूला ठेवा. वय वाढलं की शरीर ऊब टिकवून धरत नाही आणि थंडी वाजतेय हेही उशिरा कळतं. ज्येष्ठांच्या आरोग्यावर काम करणारी अमेरिकेची राष्ट्रीय संस्था सांगते की वृद्धांच्या घरात निदान ६८ असावेत, आणि ६० ते ६५ एवढ्या साध्या गारठ्यानेही त्यांच्या शरीराचं तापमान धोकादायकरीत्या उतरू शकतं. “आम्हाला काही नाही रे, उगाच बिल कशाला वाढवतोस” असं आई म्हणणारच. तिचं ऐकू नका. ७१-७२ ठेवा आणि तिच्या खोलीत एक साधं थर्मामीटर ठेवा, कारण हॉलमध्ये ७० असताना कोपऱ्यातल्या बेडरूममध्ये ६५ असू शकतं.

तान्ह्या बाळाच्या पाळण्यात सुटी पांघरुणं ठेवायची नाहीत, असा इथल्या बालरोगतज्ज्ञांचा सक्त नियम आहे. मग बाळाची ऊब कपड्यांवर आणि खोलीच्या हवेवरच अवलंबून राहते. ६८ ते ७२ मध्ये एक थर जास्तीचा आणि अंगात घालायची झोपण्याची पिशवी पुरते. खोली खूप तापवणंही बाळाला घातक आहे.

थर्मोस्टॅट स्वयंपाकघराला लागून असेल तर रविवारी पुरणपोळ्यांचा घाट घातला की त्याला वाटतं घर तापलं. तो हीट बंद करतो आणि बेडरूममध्ये मुलं कुडकुडतात. दुपारचं ऊन पडणारी भिंत, शेजारचा दिवा किंवा टीव्ही, यांनीही तो असाच फसतो. दिवा हलवता येतो. बाकीच्यांसाठी काही थर्मोस्टॅटना जोडायचा, खोलीत ठेवायचा वेगळा सेन्सर मिळतो; रात्रीपुरतं थर्मोस्टॅटला बेडरूममधल्या सेन्सरचं तापमान धरायला लावा.

आणि हो, ६४ अंशांच्या ओट्यावर दही लागत नाही, इडलीचं पीठ फुगत नाही. त्यासाठी घर तापवू नका. ओव्हन बंदच ठेवून आतला दिवा लावा आणि भांडं आत ठेवा. सकाळी दही घट्ट मिळतं.

पायरी ६: उन्हाळा

जागे असताना ७८ ही इथे नेहमी दिली जाणारी शिफारस. मूळच्या अमेरिकी शेजाऱ्यांना ती गरम वाटते, आपल्याला सहसा वाटत नाही, विशेषतः छताचा पंखा असेल तर. पंख्याच्या वाऱ्याने थर्मोस्टॅट सुमारे चार अंश वर ठेवूनही तितकंच बरं वाटतं. पण पंखा माणसाला थंड करतो, खोलीला नाही. खोलीतून निघताना तो बंद करा.

फीनिक्सच्या कोरड्या हवेत ७८ सुखाचे. ह्यूस्टनमध्ये किंवा जुलैतल्या न्यू जर्सीत हवा दमट असेल तर तेच ७८ मुंबईच्या मे महिन्यासारखे वाटतात, आणि तिथे ७५-७६ वर यावं लागलं तर खुशाल या. ऑफिसला जाताना चार-पाच अंश वर करा, एसी पूर्ण बंद मात्र करू नका, कारण दमट भागात बंद घरात बुरशी धरते. आकडा ६५ वर आणून घर लवकर थंड होत नाही, हे हिवाळ्यासारखंच. उलट कॉइलवर बर्फ साचून हवाच यायची थांबू शकते.

काही वीज कंपन्या उन्हाळ्याच्या संध्याकाळी, मागणी टिपेला असताना, तुमचा स्मार्ट (इंटरनेटला जोडलेला) थर्मोस्टॅट दोन-तीन अंश वर करण्याची परवानगी मागतात आणि बदल्यात बिलात सूट देतात. घरात वृद्ध किंवा आजारी नसेल तर हा सौदा चांगला आहे. त्या दिवशी आकडा पुन्हा खाली आणायची मुभा आहे ना, एवढं आधी वाचून घ्या.

पायरी ७: हवेतला ओलावा

हिवाळ्यात बाहेरची गोठलेली हवा आत येऊन तापली की ती कोरडी ठणठणीत होते. ओठ फुटतात, मुलांच्या नाकातून रक्त येतं, दाराच्या मुठीला हात लावला की विजेचा बारीक झटका बसतो. कोरड्या हवेत त्वचेवरचा ओलावा लवकर उडतो म्हणून थंडीही जास्त वाजते. आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र स्वस्तात मिळतं, ते ३० ते ४० टक्के दाखवेल असं पाहा. कमी असेल तर ह्युमिडिफायर लावा आणि त्याची टाकी नियमित धुवा. खिडकीच्या काचांवर आतून पाणी ओघळू लागलं तर ओलावा जास्त झालाय. मग ह्युमिडिफायर बंद, आणि कुकर लावताना व अंघोळीनंतर एक्झॉस्ट चालू.

पायरी ८: डिसेंबरात भारतात जाताना

तीन आठवडे घर रिकामं, मग हीट बंदच करून जावी असं वाटतं. कृपा करून असं करू नका. भिंतीतले पाण्याचे पाइप गोठून फुटले तर दुरुस्तीचा खर्च कित्येक हिवाळ्यांच्या बिलांहून मोठा होतो. अनेक घरविम्यांत हीट चालू ठेवण्याची अट असते. थर्मोस्टॅट ५५ वर, फार थंड भागात ६० वर, कायमच्या होल्डवर ठेवा. पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा, सिंकखालच्या कपाटांची दारं उघडी ठेवा म्हणजे आतल्या पाइपांना ऊब मिळेल. थर्मोस्टॅट सेलवर चालत असेल तर निघण्याआधी सेल बदला. सेल संपले की हीट बंद पडते आणि घरात ते पाहायला कुणी नसतं. एक किल्ली जवळच्या मित्राकडे द्या.

भाडेकरूंनी माहीत ठेवावं असं

न्यूयॉर्क शहरात १ ऑक्टोबर ते ३१ मे या काळात सकाळी ६ ते रात्री १० दरम्यान बाहेर ५५ च्या खाली गेलं तर मालकाने घरात निदान ६८ द्यायलाच हवेत, आणि रात्री निदान ६२. नाही दिले तर ३११ या शहराच्या हेल्पलाइनवर तक्रार करता येते. इतर शहरांचे आणि राज्यांचे नियम वेगळे आहेत, आपल्या शहराच्या गृहनिर्माण विभागाकडून ते काढून घ्या. तोवर प्लग लावायचा हीटर वापरायची वेळ आली तर तो भिंतीतल्या सॉकेटलाच लावा, एक्स्टेंशन कॉर्डला कधीच नाही. गादी-पडद्यांपासून तीन फूट लांब ठेवा आणि झोपताना बंद करा. गॅसची शेगडी किंवा ओव्हन पेटवून घर तापवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. त्याचा अलार्म घरात आहे आणि चालतो, हे पहिल्याच आठवड्यात तपासा.

स्मार्ट थर्मोस्टॅट घ्यावा का?

घरी येण्या-जाण्याच्या वेळा अनिश्चित असतील तर घ्यावा. ऊर्जाबचतीचं सरकारी मानांकन मिळालेले स्मार्ट थर्मोस्टॅट गरम-थंडीच्या बिलात सरासरी ८ टक्क्यांच्या आसपास बचत करतात. दोघं घरून काम करत असाल आणि साधं वेळापत्रक नीट लावलं असेल, तर त्याने फारसं काही वाढणार नाही. वीज कंपनी सवलत देते का ते आधी पाहा, काही ठिकाणी तो जवळपास फुकट पडतो. भाड्याच्या घरात मालकाची लेखी परवानगी घ्या आणि जुना थर्मोस्टॅट जपून ठेवा.

बसवण्याआधी ब्रेकर बंद करून झाकण काढा आणि तारांचा फोटो घ्या. बारीक रंगीत तारा असतील आणि आर, डब्ल्यू, वाय, जी अशी अक्षरं असतील तर ते २४ व्होल्टचं काम आहे, घरी जमतं. सी अक्षराची तार आहे का पाहा, बऱ्याच स्मार्ट थर्मोस्टॅटना ती लागते. आत जाड तारा दिसल्या तर झाकण परत लावा. तो विजेच्या हीटरचा थर्मोस्टॅट आहे, त्यात पूर्ण दाबाची वीज असते आणि हे काम इलेक्ट्रिशियनचं.

फिल्टरचंही सांगायला हवं, कारण तुंबलेल्या फिल्टरने सगळं वेळापत्रक फुकट जातं. एक इंच जाडीचा फिल्टर एक ते तीन महिन्यांत बदलावा, आणि रोज तळण-फोडण्या होत असतील तर लवकरच. त्याच्या कडेवर हवेच्या दिशेचा बाण असतो. तो फर्नेसकडे तोंड करून बसवा.

बदल केल्यावर फरक पाहायचा तो डॉलरांत नाही, कारण दर बदलत राहतात. गॅसच्या बिलावर ‘थर्म’ (गॅस मोजायचं एकक) आणि विजेच्या बिलावर किलोवॉट-तास दिलेले असतात. त्यांची तुलना मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा. त्या महिन्याचं सरासरी तापमानही अनेक बिलांवर छापलेलं असतं, तेही शेजारी लिहून ठेवा. तुमचा पहिलाच हिवाळा असेल तर आजपासून दर महिन्याची ही नोंद एका कागदावर सुरू करा आणि तो कागद फ्रिजवर लावा.